मिडलवेअर : व्यवसायातील सॉफ्टवेअरांची जोडणी

मिडलवेअर म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र सॉफ्टवेअरांच्या मध्ये राहून त्यांच्यात माहितीची ने-आण करणारे सॉफ्टवेअर. ते स्वतः हिशोब ठेवत नाही, बिल काढत नाही की माल मोजत नाही. एकाने पाठवलेली नोंद दुसऱ्याला कळेल अशा रूपात बदलायची, योग्य ठिकाणी पोचवायची, पोच घ्यायची आणि समोरचे सॉफ्टवेअर बंद असेल तर ते सुरू होईपर्यंत नोंद सांभाळून ठेवायची, एवढेच त्याचे काम. मराठवाड्यात वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती, जालन्यातील पोलाद व बियाणे उद्योग, लातूरच्या डाळ व तेल गिरण्या आणि विभागभर पसरलेले साखर कारखाने अशा सगळ्याच ठिकाणी त्याची गरज पडते. पुष्कळ जागी हे काम अजून माणूसच करतो. कारकून एका पडद्यावर वाचतो आणि दुसऱ्यावर टाइप करतो.

गरज

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांची मोठी साखळी उभी राहिली. शेंद्र्यात २००१ मध्ये श्कोडा आली. अशा साखळीतल्या मध्यम आकाराच्या व्हेंडरकडे, म्हणजे पुरवठादाराकडे, पाच-सहा सॉफ्टवेअर सहज सापडतात : उत्पादन व साठ्यासाठी ईआरपी, हिशोबाला टॅली, हजेरी व पगाराचे सॉफ्टवेअर, ग्राहक कंपनीचे व्हेंडर पोर्टल, जीएसटीचे ई-इनव्हॉइस पोर्टल आणि बँक. सकाळी पोर्टलवरून कोणता माल कधी हवा याचे शेड्यूल एक्सेलमध्ये उतरवायचे, ते ईआरपीत भरायचे, माल भरला की चलन करायचे, त्यावरून टॅलीत बिल आणि मग तेच बिल सरकारी पोर्टलवर. एकच आकडा चार वेळा टाइप होतो. त्यात एकदा जरी चूक झाली तरी कागद आणि माल जुळत नाहीत आणि गाडी ग्राहकाच्या गेटवर अडते.

ही सॉफ्टवेअर एकमेकांना थेट जोडता येतात, पण जोडण्यांची संख्या भराभर वाढते. सहा सॉफ्टवेअर प्रत्येकाशी प्रत्येक असे जोडायचे तर १५ जोडण्या लागतात, दहा असतील तर ४५. मध्ये मिडलवेअर ठेवले की प्रत्येकाची जोडणी फक्त त्याच्याशी होते, म्हणजे सहाला सहा. उद्या ईआरपी बदलले तरी एकच जोडणी नव्याने करावी लागते.

ई-इनव्हॉइसच्या सक्तीने हा विषय छोट्या वर्कशॉपपर्यंत आणला. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटी रुपयांवर उलाढाल असणाऱ्यांसाठी लागू झाली. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेले बिल ठरलेल्या जेसन साच्यात (रकाना व त्यातली माहिती जोडीने लिहिण्याची पद्धत) पोर्टलकडे पाठवायचे. पोर्टल ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, आणि सही केलेला क्यूआर कोड परत देते. तो छापल्याशिवाय बिल ग्राह्य धरले जात नाही. हे सारे हाताने करणाऱ्याचा दिवस त्यातच जातो. मिडलवेअर तेच काम चलन झाल्याबरोबर करते आणि आलेला आयआरएन ईआरपी व टॅली दोन्हीकडे नोंदवते. टॅली एक्सएमएल रूपात (प्रत्येक रकान्याला नावाची खूण लावलेला मजकूर) नोंदी घेते, पण संबंधित कंपनी टॅलीत उघडलेली नसेल तर नोंद पडत नाही. रात्री संगणक बंद करून जायची सवय असलेल्या ऑफिसात ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते.

संदेशांची रांग

मिडलवेअरचा खरा कस समोरची बाजू बंद पडते तेव्हा लागतो. त्यासाठी संदेशांची रांग असते. पाठवणारा नोंद रांगेत ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो, घेणारा सवडीने उचलतो. मराठवाड्यात ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडावी अशी जागा म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा.

गळीत हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. गाडी काट्यावर चढते, यंत्रावरचे वजन केबलने संगणकात येते, ऊस खाली करून रिकाम्या गाडीचे वजन होते आणि निव्वळ वजनाची पावती निघते. हीच नोंद पुढे शेतकी विभागाला हवी असते, कारण कुणाचा किती ऊस तुटला त्यावर पुढचा तोडणी कार्यक्रम ठरतो. लेखा विभागाला ती ऊसबिलासाठी हवी, तोडणी-वाहतुकीच्या हिशोबाला हवी, सोसायटीच्या कर्जकपातीला हवी आणि शेवटी बँकेला हवी. काट्याचे सॉफ्टवेअर या सगळ्यांशी थेट बांधलेले असेल आणि मुख्य कार्यालयाचा सर्व्हर बसला, तर काटाही थांबतो. बाहेर गाड्यांची रांग लागते. उभ्या गाडीत ऊस वाळतो, वजन घटते आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते. मध्ये रांग असेल तर काटा स्थानिक संगणकावर पावती देत राहतो, नोंदी साठत जातात आणि सर्व्हर उठल्यावर क्रमाने पुढे जातात.

रांगेचे एक पथ्य आहे. नोंद पाठवली पण पोच येण्याआधी नेट गेले, तर मिडलवेअर तीच नोंद पुन्हा पाठवते. न पोचण्यापेक्षा दोनदा पोचलेले बरे, असा हा हिशोब आहे. म्हणून घेणाऱ्या बाजूला दुबार नोंद ओळखता आलीच पाहिजे, नाहीतर एकाच गाडीचे पैसे दोनदा निघतील. प्रत्येक पावतीला कधीही पुन्हा न येणारा क्रमांक देणे हा त्यावरचा उपाय. ई-इनव्हॉइसचा आयआरएन याच तत्त्वावर बेतलेला आहे. तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तयार होतो, त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवले तर पोर्टल ते दुबार म्हणून परत करते.

काही नोंदी कितीदाही पाठवल्या तरी स्वीकारल्या जात नाहीत : शेतकऱ्याचा कोड चुकलेला असतो किंवा वजनाचा रकाना रिकामा राहिलेला असतो. अशा नोंदी वेगळ्या रांगेत काढल्या जातात, म्हणजे मागच्या अडत नाहीत. ही वेगळी रांग रोज कुणीतरी उघडून पाहणे अत्यंत गरजेचे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किमान दराचे पैसे द्यायचे असतात. त्या रांगेत विसरलेली एक नोंद म्हणजे एका कुटुंबाचे थकलेले बिल. शिवाय दिवसअखेर काट्यावरच्या पावत्यांची संख्या व एकूण टन लेखा विभागाच्या आकड्यांशी ताडून पाहावे. संदेश पोचल्याची खात्री फक्त मिडलवेअरच्या पडद्यावरून करू नये.

अर्थ जुळवणे

माहिती पोचवणे तुलनेने सोपे आहे. दोन्हीकडे तिचा अर्थ एकच राहणे अवघड, आणि जोडणीच्या कामाचा बराचसा वेळ इथेच जातो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकरी एकर-गुंठ्यांत सांगतो. हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर आणि एकराचे ४० गुंठे, हे रूपांतर एकाच जागी ठरलेले हवे. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलचा, गिरणीचा साठा टनात.

नावांचा प्रश्न याहून बिकट. जुन्या सॉफ्टवेअरांत मराठी नावे युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या, श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये साठवलेली असतात, फाँट काढला की निरर्थक चिन्हे उरतात. ती युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय बँकेच्या यादीशी जुळत नाहीत. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्या जोडण्या शहराच्या नावावर चालत होत्या त्यांच्यात एकच गोदाम दोन ठिकाणी दिसण्याचा धोका निर्माण झाला, कोडवर चालणाऱ्यांना मात्र काही झाले नाही. गाव, शेतकरी, वस्तू, व्हेंडर या सर्वांना कायमचे कोड देणे हे मिडलवेअर विकत घेण्याआधीचे काम आहे. ते टाळून कितीही महाग उत्पादन आणले तरी चुका फक्त वेगाने पसरतात.

इतिहास व साधने

१९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेच्या अहवालात मिडलवेअरचा उल्लेख आढळतो. मोठ्या संगणकांवर एकाच वेळी अनेकांचे व्यवहार हाताळणारे आयबीएमचे सीआयसीएस १९६९ मध्ये आले आणि संदेशरांगेचे एमक्यू सिरीज १९९३ मध्ये. शेअर बाजारातील भाव एकाच वेळी अनेक पडद्यांवर पोचवणारी प्रणाली घडवणारे आणि पुढे टिब्को ही मिडलवेअर कंपनी स्थापणारे विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. रॅबिटएमक्यू (२००७) आणि लिंक्डइनमध्ये तयार होऊन २०११ मध्ये खुले झालेले अपाचे काफ्का ही संदेश पोचवणारी मुक्त साधने आज परवान्याच्या खर्चाशिवाय वापरता येतात.

मर्यादा

सगळी वाहतूक एका जागेतून जाऊ लागली की ती जागा बंद पडणे महागात पडते. मिडलवेअरचा संगणक, त्याचा वीजपुरवठा आणि बॅकअप ईआरपीइतकाच महत्त्वाचा धरावा लागतो. बँक व जीएसटी पोर्टलचे पासवर्डही तिथेच असतात, म्हणून प्रवेश मोजक्याच लोकांना द्यावा. दोनच सॉफ्टवेअर असतील आणि दिवसाला पाच-दहा बिले होत असतील, तर मिडलवेअरची गरज नाही. ईआरपीतून टॅलीत फाइल आयात करणे पुरते.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी अडचण माणसांची असते. जोडणी करणारा तरुण वर्ष-दोन वर्षांत पुण्याला जातो आणि कुठला रकाना कुठे जातो हे त्याच्यासोबत जाते. म्हणून जोडणीच्या कामाचे शेवटचे पैसे देण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : प्रत्येक रकान्याचा उगम व मुक्काम, रूपांतराचे सर्व नियम, आणि नोंद अडकल्यास ती कुणी, कशी सोडवायची.