बार्शी लाईट रेल्वे

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीहून एका बाजूस बार्शीमार्गे लातूर आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरमार्गे मिरज येथवर गेलेला पूर्वीचा नॅरोगेज लोहमार्ग व तो चालविणारी कंपनी. रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच (७६२ मिमी.), पूर्ण विस्तारानंतरची लांबी २०२ मैल (सु. ३२५ किमी.).

मुंबई–सोलापूर लोहमार्ग १८६० च्या सुमारास या भागातून गेला, पण कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी त्याच्यापासून वीसेक मैल बाजूलाच राहिली. सर्वांत जवळच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ हे नाव मिळाले, तेच आजचे कुर्डुवाडी. नावात ‘रोड’ असलेली अशी स्थानके गावाच्या सोयीची सहसा नसतात. बार्शीचा माल तिथवर बैलगाडीनेच जाई.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीसाठी १८८२ मध्ये आलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने बार्शी रोड ते बार्शी असा नॅरोगेजचा फाटा काढावा असे सुचविले. कल्पनेचा आरंभ १८८६-८७ च्या आसपासचा मानण्यास हरकत नाही. कंपनीची नोंदणी मात्र १८९५ मध्ये लंडनला झाली आणि बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ च्या मार्चमध्ये सुरू झाला. ‘भारतातील पहिली नॅरोगेज’ असा या मार्गाचा उल्लेख कधीकधी आढळतो, तो ग्राह्य धरता येत नाही. बडोदे संस्थानातील डभोई–मियागाम मार्ग याच मापाचा असून तो १८६२ मधला आहे. सुरुवातीस त्यावर गाड्या बैल ओढीत. दार्जिलिंगचा दोन फुटी मार्गही १८८१ मध्ये पुरा झाला होता.

बार्शीचे खरे वेगळेपण मापात नाही, आसभारात आहे. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पडणारे वजन हा आसभार. मार्ग स्वस्तात झाला तो दोन रूळ एकमेकांजवळ घातल्यामुळे, असे काही लेखक मानतात. परंतु अरुंद मार्गावरही इंजिन जड आणि डबे हलके असतील, तर रूळ इंजिनाच्या वजनाला पुरतील असेच घालावे लागतात आणि डब्यांखाली ती ताकद वाया जाते. कॅल्थ्रॉपने इंजिन, मालडबा, प्रवासी डबा या सर्वांना आसामागे ५ टन ही एकच मर्यादा ठरविली. त्यामुळे दर यार्ड (३ फूट) लांबीस अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरले. लीड्सच्या किट्सन कारखान्याने बनविलेल्या पहिल्या पाच इंजिनांत हा हिशेब डोळ्यांना दिसतो. एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ छोटी चाके, म्हणजे चार आस. त्यांवर ओढीच्या कामी येणारे सु. २० टन वजन. उरलेला भार मागच्या चार सुट्या चाकांवर. मालडबेही दाबीव पोलादी सांगाड्यांचे, बोगीवर (वळणावर फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीवर) बसविलेले आणि त्या काळच्या नॅरोगेजच्या मानाने बरेच लांब होते. हीच पद्धत कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वेवर (१९०४) वापरली. (विमानातून उडी घेण्याच्या ‘गार्डियन एंजल’ या हवाई छत्रीचा जनकही हाच.)

पूर्वेकडे मार्ग तडवळ्यावरून १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातूरला पोहोचला. पश्चिमेकडे पंढरपूर आधीच जोडले गेले होते. पंढरपूर–मिरज टप्पा १९२७ मध्ये, कॅल्थ्रॉपच्या निधनाच्याच वर्षी, खुला झाला. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीमुळे ही वारकऱ्यांची गाडी म्हणून ओळखली गेली. लोकांच्या आठवणीत तेवढेच उरले असले, तरी मार्गाची आखणी मुळात कापसासाठी होती.

मापबदलाचा जाच शेवटपर्यंत टळला नाही. कुर्डुवाडीस प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात जाई, आणि वाहतूक स्वस्त झाल्याने वाचलेल्या पैशांतला काही भाग तिथेच खर्ची पडे. मिरजेत तर पुणे–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यावर काही वर्षे ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही मापे एकत्र नांदत होती.

मध्य रेल्वे १९५१ मध्ये स्थापन झाली, तरी ही कंपनी सरकारने विकत घेतली ती १९५४ मध्ये. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज करण्यात आला. मिरजेकडचा भाग सर्वांत शेवटी झाला. या कामात पूर्वेकडची जुनी आखणी सर्वत्र राखलेली नाही. पूर्वी रेल्वेसाठी येडशी गाठावी लागणारे उस्मानाबाद (धाराशिव) शहर नव्या आखणीत प्रथमच लोहमार्गावर आले.