सरकारी खरेदीत ‘स्थानिक’ कोण? सूक्ष्म-लघु उद्योगांची पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

नाशिकच्या अंबडला शेड आहे, ओझरचं एचएएल (केंद्राची विमान कंपनी) आणि नाशिक रोडची नोट प्रेस हाकेच्या अंतरावर आहेत, मग त्यांच्या टेंडरमध्ये आपल्याला झुकतं माप का नाही? एमआयडीसीत चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. झुकतं माप आहे, पण त्याचा अंतराशी संबंध नाही. केंद्र सरकारच्या खरेदीत तुम्ही कुठल्या जिल्ह्याचे हे कुणी विचारत नाही. दोनच गोष्टी पाहिल्या जातात: तुमचा उद्योग किती लहान आहे आणि तुमच्या मालात भारतात घडलेला भाग किती आहे. दोन्हींचे आदेश वेगळे आहेत. कागद वेगळे लागतात आणि फायदाही वेगळा मिळतो. टेंडर भरताना यांची सरमिसळ झाली की नुकसान आपलंच.

लहान असण्याचा फायदा

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२ चा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) विकास कायदा २००६ च्या कलम ११ खाली तो निघाला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या त्याला बांधील आहेत. वर्षभरातल्या एकूण खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी त्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. सुरुवातीला हे प्रमाण २० टक्के होतं, २०१८ मध्ये वाढलं. या २५ टक्क्यांमध्येच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत. ही टक्केवारी खात्याच्या वार्षिक खरेदीची आहे. प्रत्येक टेंडरमध्ये तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली नसते, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

शिवाय ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या, अशी यादी आहे. झाडू, बादल्या, स्टीलची कपाटं, चप्पल-सँडल, बँडेजचं कापड असा साधासुधा माल त्यात सापडतो. तुमची वस्तू यादीत असेल तर मोठ्या कंपनीशी गाठच पडत नाही.

बाकी वस्तूंसाठी दराचा नियम आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. समजा १०,००० गास्केटचं टेंडर आहे. एका मोठ्या कंपनीचा १०० रुपये हा सर्वांत कमी दर, म्हणजे ती एल-वन. तुमचा दर ११३. एल-वनपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त, म्हणजे ११५ पर्यंतचा दर असेल तर तुम्हाला विचारणा होते: १०० रुपयांत देता का? हो म्हणालात तर २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २,५०० नग तुम्हाला मिळू शकतात. त्या पट्ट्यात आणखी लहान उद्योग असतील तर वाटणी होते. माल विभागता येण्यासारखा नसेल तर पूर्ण ऑर्डरही लहान उद्योगाला देता येते. पण ११३ रुपये तुम्हाला कुणी देणार नाही. १०० ला परवडत नसेल तर या सवलतीचा तुम्हाला काही उपयोग नाही, म्हणून दर भरण्याआधीच आपला तळाचा आकडा वहीत लिहून ठेवा. आणि एल-वन स्वतःच लहान उद्योग असेल, मग तो लुधियानाचा का असेना, तर ही विचारणा होतच नाही.

टेंडरचा फॉर्म मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम (टेंडरसोबत भरायची अनामत) माफ होते. ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा अनामत मात्र भरावीच लागते. अनुभव आणि उलाढालीच्या अटीतली सूट खरेदीदाराच्या हातात असते. टेंडरमध्ये तसं लिहिलं आहे का, ते बघूनच पुढे जा.

पात्र कोण?

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. जमीन-इमारत गुंतवणुकीत धरत नाहीत आणि निर्यात उलाढालीत धरत नाहीत. मध्यम उद्योगाला हे खरेदी धोरण लागू नाही. वाढत वाढत वरच्या वर्गात गेलात तरी करांव्यतिरिक्तचे जुन्या वर्गाचे लाभ तीन वर्षं चालू राहतात.

आता दुखरी नस. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची केंद्र सरकारी नोंदणी) मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. दुसऱ्याचा माल आणून पुरवणाऱ्याने उद्यम प्रमाणपत्र जोडलं तरी खरेदीतलं प्राधान्य मिळत नाही. उत्पादन करणारेही इथे अडकतात, कारण कुणीतरी घाईत नोंदणी करून देतं आणि उद्योगाचा प्रकार ‘ट्रेडिंग’ निवडतं. वेल्डिंगची ठिणगी रोज उडते आहे आणि कागदावर तुम्ही दुकानदार.

उद्यम नोंदणी

ही नोंदणी ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. सर्चमध्ये वर दिसणारी, हुबेहूब अशोकस्तंभाच्या थाटातली आणि हजार-दीड हजार मागणारी पानं खासगी एजंटांची असतात. आधार, पॅन आणि जीएसटी कायद्यानुसार आवश्यक असेल तर जीएसटी क्रमांक एवढं पुरतं. कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधार कुणाचं? एकट्याची मालकी असेल तर मालकाचं, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचं, अविभक्त हिंदू कुटुंबात कर्त्याचं आणि कंपनी किंवा एलएलपीत (मर्यादित दायित्व भागीदारीत) अधिकृत सही करणाऱ्याचं. ओटीपी येतो, म्हणून आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा.

फॉर्ममध्ये सर्वांत जास्त वेळ एनआयसी कोडला, म्हणजे उद्योगाचा प्रकार दाखवणाऱ्या क्रमांकाला, द्या. जी वस्तू पुरवायची आहे तिच्या उत्पादनाचा कोड प्रमाणपत्रावर दिसला पाहिजे. एकापेक्षा जास्त कोड टाकता येतात, नंतर दुरुस्तीही करता येते. प्रमाणपत्राचं नूतनीकरण लागत नाही, पण माहिती अद्ययावत ठेवावी लागते.

अनुसूचित जाती-जमाती किंवा महिला या उपवर्गाचा लाभ हवा असेल तर मालकी तशी असायला हवी. भागीदारी किंवा खासगी कंपनीत त्यांचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. जातीचं प्रमाणपत्र आणि भागीदारीपत्र किंवा भागधारकांची यादी जवळ ठेवा.

यानंतर जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारपेठेत, विक्रेता म्हणून नोंदणी. इथे पॅन, उद्यम क्रमांक, जीएसटी, बँक खातं आणि आयकर विवरणं लागतात. रेल्वे, संरक्षण कारखाने किंवा राज्याच्या महाटेंडर्ससारख्या ई-निविदा पोर्टलवर भरायचं असेल तर वर्ग ३ ची डिजिटल सही घ्यावी लागते. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे टेंडरच्या पात्रतेच्या कागदांत, साधारणपणे तीन वर्षांचे ताळेबंद, सीएचा उलाढालीचा दाखला आणि जुन्या पुरवठ्याच्या ऑर्डर मागतात. हे सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सर्व्हर आणि सीए दोघेही सापडत नाहीत.

‘स्थानिक पुरवठादार’ म्हणजे देशी माल

दुसरा आदेश मेक इन इंडिया प्राधान्याचा, जून २०१७ चा. त्यात नंतर अनेकदा बदल झाले. इथे ‘स्थानिक’ म्हणजे भारतात घडलेला. मालात ५० टक्के किंवा जास्त देशी मूल्य असेल तर तुम्ही वर्ग एकचे पुरवठादार, २० ते ५० च्या मधे असेल तर वर्ग दोनचे. खरेदीतलं प्राधान्य फक्त वर्ग एकला मिळतं, दराचा पट्टा एल-वनपेक्षा २० टक्क्यांपर्यंत. इथेही एल-वनच्याच दरावर यावं लागतं. ५ लाखांखालच्या खरेदीला हा आदेश लागू नाही.

हिशेब सोपा आहे. २,००० रुपयांच्या एलईडी दिव्यात आयात भाग ८०० रुपयांचे असतील तर देशी मूल्य ६० टक्के. तेच भाग १,१०० रुपयांचे असतील तर ४५ टक्के, म्हणजे तुम्ही वर्ग दोनमध्ये घसरलात. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पक्क्या बिलाने घेतला म्हणून दिव्यातला चिनी ड्रायव्हर (वीज पुरवणारा भाग) देशी होत नाही. देशातल्या वितरकाकडून घेतलेला आयात मालही वजाच करायचा, असं २०२४ च्या सुधारणेत स्पष्ट केलं आहे.

पुरावा म्हणून देशी मूल्याची टक्केवारी आणि ते मूल्य जिथे भरलं त्या कारखान्याचा पत्ता असं स्वयंघोषणापत्र द्यायचं. खरेदी १० कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षक, कॉस्ट अकाउंटंट किंवा सीएचं प्रमाणपत्र लागतं. खोटं घोषणापत्र निघालं तर दोन वर्षांपर्यंत टेंडरबंदी होऊ शकते.

राज्य सरकारची खरेदी

मंत्रालय, जिल्हा परिषद यांना केंद्राचा २०१२ चा आदेश थेट बांधत नाही. तिथे राज्याची खरेदी नियमपुस्तिका आणि उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय उघडायचा. गाव-जिल्ह्याच्या अर्थाने ‘स्थानिक’ मात्र बांधकामाच्या लहान कामांत दिसतं. ठरलेल्या मर्यादेतली कामं ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, ३३ टक्के मजूर सहकारी संस्था आणि ३४ टक्के खुले कंत्राटदार अशी वाटली जातात. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी लागते आणि वाटप काम वाटप समितीतून होतं.

पैसे अडकले तर

माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, करारात ९० दिवस लिहिले असले तरी. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवरून (पूर्वी ‘समाधान’) सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे, जाते. ऑर्डरची प्रत, बिल, माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्रावरची तारीख ऑर्डरच्या आधीची असावी. थकबाकी झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.