गिटार नसलेला फंक : ‘हेड हंटर्स’ची पार्श्वभूमी

नवापूर-नंदुरबारकडच्या लग्नात की-बोर्डवर टिमली (तिकडचं आदिवासी नाचाचं संगीत) लागली की गाणारा लागत नाही. छोटीशी ओळ फिरत राहते, खालचा ठेका रंग बदलतो, नाचणाऱ्याला तेवढं पुरतं. अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’ (१९७३) हा फंक, म्हणजे ठेक्यावर उभ्या नाचऱ्या संगीताचा, अल्बम ऐकायला हाच तयार कान चालतो.

हॅनकॉक १९६३पासून ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात (पाच वादकांच्या संचात) पियानो वाजवत होता. पुढे स्वतःच्या म्वांदिशी संचात त्याने मोकळं, अंतराळी म्हणावं असं जॅझ केलं; श्रोते मात्र मोजकेच मिळाले. १९७३मध्ये तो संच मोडला. त्यातला फक्त बेनी मॉपिन सोबत राहिला. नव्या मंडळींत पॉल जॅक्सन (बेस), हार्वी मेसन (ड्रम) आणि बिल समर्स (तालवाद्यं).

फंकमध्ये गिटार हवीच, हा तेव्हाचा शिरस्ता. इथे ती नाही. तिची खरखरीत कटकट क्लॅव्हिनेट या विजेवरच्या की-बोर्डकडे आली. या वाद्यात पट्टी दाबली की आत खरी तार वाजते आणि पिकअपमधून (तारेचं कंपन टिपणारा भाग) अँप्लिफायरला जाते, म्हणून आवाज गिटारच्या जवळचा. अल्बममधल्या ‘कमेलियन’ या रचनेची खालची ओळ बेस गिटारवर नाही, आर्प ओडिसी सिंथेसायझरवर आहे. जॅक्सन वरच्या पट्टीत गिटारसारखा वाजवतो. भूमिकांची ही अदलाबदल म्हणजेच खरी गंमत, आणि पावणेसोळा मिनिटांच्या या रचनेचा पहिला अर्धा भाग दोनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) चालतो.

‘वॉटरमेलन मॅन’ ही त्याचीच १९६२ची रचना, इथे जवळपास ओळखू न येणारी. सुरुवातीची फुंक बीअरच्या बाटलीतली. मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांच्या हिंदेव्हूची ती नक्कल : एका स्वराची शिट्टी आणि माणसाचा आवाज आलटून पालटून. घरी करून पाहायचं तर बाटलीच्या तोंडाशी आडवी फुंकर मारा. पाणी वाढवलं की हवेचा खांब आखूड होतो, स्वर चढतो. जोर लावून फुंकलं तर स्वर फाटतो.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. खालचे स्वर त्यातून निघतच नाहीत, आणि ‘कमेलियन’चा कणा तिथेच आहे. गाडीत बेस पूर्ण चढवणाऱ्यांची उलटी अडचण : ओडिसी आणि ड्रमची किक एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरतो. साधा हेडफोन, बेस मधोमध. पहिल्या ऐकण्यात फक्त खालची ओळ धरा, दुसऱ्यात क्लॅव्हिनेट. मॉपिनचा सॅक्सोफोन आपोआप कानात येतो. ‘व्हेन मेल्टर’ हा तुकडा शेवटालाच बरा. तो संथ आहे, आधी लावला तर बरेच जण तिथेच उठतात.