ख्रिस्ती पितृत्व

ख्रिस्ती पितृत्व : ख्रिस्ती श्रद्धेनुसार बापाचे कुटुंबातील स्थान, मुलांविषयीची त्याची कर्तव्ये आणि त्याच्या अधिकाराच्या मर्यादा यांसंबंधीची शिकवण व आचार. या शिकवणीचा मुख्य आधार बायबल आहे; पण बायबलमध्ये आदर्श बापाचे एखादे तयार चित्र शोधू गेल्यास ते सहसा सापडत नाही. इसहाक, याकोब, एली, दावीद हे सगळे बाप म्हणून कुठे ना कुठे चुकले आणि त्या चुकांची किंमत मुलांनी मोजली, हे ग्रंथाने लपवलेले नाही. या कथा आणि त्यांच्या जोडीच्या आज्ञा एकत्र वाचल्या की एक सूत्र स्पष्ट होते : बापाचा अधिकार त्याच्या मालकीचा नसतो, तो देवाने सोपवलेला असतो आणि त्याचा जाब द्यावा लागतो. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, तुमचा पिता एकच व तो स्वर्गीय आहे, असे येशूने शिष्यांना बजावले (मत्तय २३:९). कुटुंबप्रमुख स्वतःही आधी कोणाचे तरी लेकरू आहे, या जाणिवेवर ख्रिस्ती पितृत्वाची सगळी मांडणी उभी आहे.

जुना करार : प्रश्नाला उत्तर देणारा बाप

इस्राएली बापाचे पहिले काम शिकवणे हे होते. परमेश्वरावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करण्याची आज्ञा दिल्यावर अनुवाद या जुन्या करारातील (बायबलच्या पहिल्या भागातील) ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात लगेच सांगितले आहे, की या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवाव्यात; घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे. यासाठी वेगळी जागा किंवा ठरावीक वेळ नेमून दिलेली नाही. दिवसभराची उठबस हीच शिकवण्याची जागा मानली आहे. त्यामुळे बाप मुलांसोबत वेळ घालवतो, हे या आज्ञेत गृहीतच आहे.

याहून लक्षवेधी गोष्ट म्हणजे नियमशास्त्रात मुलाच्या प्रश्नाला दिलेले स्थान. वल्हांडणाचा, म्हणजे मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या सणाचा, विधी पाहून मुले विचारतील, ‘याचा अर्थ काय?’ तेव्हा काय सांगायचे ते निर्गम या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात दिले आहे. तेराव्या अध्यायात आणि अनुवादाच्या सहाव्या अध्यायात असाच प्रश्न पुन्हा येतो. यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणवून उभे केले, तेही पुढे मुलांनी त्यांविषयी विचारावे म्हणून. ‘हे नियम कशासाठी?’ या प्रश्नाला अनुवादात दिलेले उत्तर तर फारच बोलके आहे. ‘मी सांगतो म्हणून’ असे बापाने म्हणायचे नाही. आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढले, ही हकिकत त्याने सांगायची. नियमाआधी सुटकेची गोष्ट यावी, हा क्रम आजही घरात धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येक बापाने ध्यानात घ्यावा असा आहे. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री लहान मुलाने प्रश्न विचारण्याची प्रथा याच वचनांतून आली. स्तोत्र ७८ मध्येही पूर्वजांकडून ऐकलेले पुढच्या पिढीपासून न लपवण्याचा निर्धार व्यक्त झाला आहे.

हे काम एकट्या बापाचे मात्र नव्हते. नीतिसूत्रांत बापाच्या बोधाबरोबर आईची शिकवण न सोडण्याचा उपदेश आहे आणि शेवटच्या अध्यायातील वचने लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली आहेत. बापाच्या अधिकारावरही बंधने होती. हट्टी व बंडखोर मुलाला देहान्ताची शिक्षा सांगणारा अनुवादातील कायदा (२१:१८-२१) आजच्या वाचकाला हादरवतो. पण त्या कायद्यानेही बापाला घरात परस्पर निर्णय घेऊ दिलेला नाही. आईवडील दोघांनी मिळून गावाच्या वडीलधाऱ्यांसमोर यावे लागे. पुढे यहुदी धर्मपंडितांनी या कायद्याला इतक्या अटी घातल्या, की असा प्रसंग कधी घडलाच नाही आणि घडणारही नाही, असे मत तालमूद या यहुदी धर्मग्रंथात नोंदले गेले.

चुकलेले बाप

एली हा शिलो येथील याजक. त्याने इस्राएलाचा न्याय चाळीस वर्षे केला. हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगे अर्पणाचे मांस बळजबरीने घेत आणि निवासमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत. एलीला हे ठाऊक होते. त्याने मुलांना बोलही लावला, पण आवरले नाही, आणि दोषारोप नेमका एवढाच आहे (१ शमुवेल ३:१३). दोघे एकाच दिवशी लढाईत पडले. कराराचा कोश (इस्राएली लोकांची पवित्र पेटी) शत्रूने नेल्याची बातमी ऐकून अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली आसनावरून मागे पडला व मेला. त्याच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाचे मुलगेही पुढे लाच घेऊ लागले. धर्मसेवेत आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे घर आपोआप सांभाळले जाते, ही समजूत या दोन कथांपुढे टिकत नाही.

इस्राएलाचा राजा दावीद याची कथा अधिक वेदनादायक आहे. अम्नोन या थोरल्या मुलाने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद संतापला, असे ग्रंथ सांगतो. पण त्याने काही केल्याची नोंद नाही. तामारेला न्याय मिळाला नाही. दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला ठार केले व तो गशूरला पळाला. तीन वर्षांनी त्याला परत आणले, तरी पुढची दोन वर्षे दावीदाने त्याचे तोंड पाहिले नाही. अखेर अबशालोमाने बंड केले आणि त्यात तो मारला गेला. ‘तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर!’ असा दावीदाचा विलाप बायबलमधील सर्वांत हृदयद्रावक उद्गारांपैकी आहे. त्याचे मुलावर प्रेम होते, याविषयी शंकाच राहत नाही. मात्र जेव्हा न्याय करायला हवा होता तेव्हा तो गप्प राहिला आणि जेव्हा जवळ घ्यायला हवे होते तेव्हा दूर राहिला. अदोनीया या आणखी एका मुलाविषयी ‘तू असे का केलेस?’ असे विचारून बापाने त्याला कधीही दुखवले नव्हते, अशी नोंद १ राजे १:६ मध्ये आहे. तोही गादीच्या लोभाने उठला.

पक्षपाताचे उदाहरण याकोबाच्या घरात दिसते. बाप इसहाकाचा लाडका एसाव आणि आई रिबकेचा लाडका त्याचा भाऊ याकोब; या विभागणीतून आलेले वैर भोगलेल्या याकोबाने स्वतःच्या घरात योसेफाला खास झगा देऊन तेच पुन्हा केले. बकऱ्याच्या पिलांची कातडी हातांना गुंडाळून त्याने आंधळ्या बापाला फसवले होते. त्याच्या मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याला फसवले.

येशूची शिकवण

येशूने देवाला सातत्याने पिता म्हटले आणि शिष्यांना ‘हे आमच्या पित्या’ अशी प्रार्थना शिकवली. मुलाने भाकरी मागितली तर त्याला धोंडा देणारा बाप कोण, असे विचारून त्याने साध्या माणसाच्या वात्सल्यावरून देवाचे औदार्य समजावले. त्याच्या सर्व दृष्टान्तांत ख्रिस्ती मनावर सर्वांत खोल परिणाम केला तो उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताने (लूक १५). धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटा मागतो, दूर देशी उधळतो आणि कंगाल होऊन परततो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलाची क्षमायाचना पुरी होण्याआधीच उत्तम झगा आणायला सांगतो. वाचकाचे लक्ष बहुधा इथेच थांबते. पण थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, तेव्हा हाच बाप मेजवानी सोडून त्याचीही विनवणी करायला बाहेर येतो. एकाने मर्यादा मोडलेली, दुसरा मर्यादेतच कडवट झालेला. बाप दोघांकडे स्वतः चालत जातो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

मरीयेचा पती योसेफ याचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. जे आहे ते कृतीत : मरीयेला स्वीकारणे, बाळाला येशू हे नाव देणे, हेरोदापासून वाचवण्यासाठी रात्रीच मिसरला निघणे, परतून नासरेथला राहणे. मंदिरातील अर्पण पक्ष्यांचे होते, म्हणजे घर गरिबाचे होते. रक्ताचे नाते नसतानाही पूर्ण जबाबदारी घेणारा हा बाप दत्तक पालकांना विशेष जवळचा वाटतो. रोमन कॅथलिक चर्चमध्ये १९ मार्च हा त्याचा सण असतो. पोप नववे पायस यांनी १८७० मध्ये त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता घोषित केले. या घटनेच्या दीडशेव्या वर्षी, ८ डिसेंबर २०२० रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर पत्र लिहिले. केवळ मूल जन्माला घातल्याने कोणी बाप होत नाही, त्याची काळजी वाहिल्याने होतो, हा त्या पत्रातील एक प्रमुख विचार आहे.

पौलाची पत्रे

‘मुलांना चिरडीस आणू नका’ ही प्रेषित पौलाच्या पत्रांतील बापांना दिलेली आज्ञा इफिसकरांस (६:४) आणि कलस्सैकरांस (३:२१) या दोन्ही पत्रांत आहे. तिचे वजन कळण्यासाठी रोमन कायदा आठवावा लागतो. रोमन कुटुंबप्रमुखाचा मुलांवरील अधिकार ती मोठी झाल्यावरही, तो जिवंत असेपर्यंत चाले. मालमत्ता त्याच्याच नावावर असे आणि नवजात बालकाला टाकून देण्याचा निर्णयही त्याचाच असे. अशा समाजात मंडळीसमोर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या समुदायासमोर, वाचल्या जाणाऱ्या पत्राने बापालाच मर्यादा घालून दिली, आणि तीही मुले ऐकत असताना. कारण त्याच्या आधीचे वाक्य थेट मुलांना उद्देशून आहे. कलस्सैकरांस पत्रात कारणही दिले आहे : मुले खचतील. मुलाच्या मनाचा असा विचार त्या काळच्या कौटुंबिक उपदेशात सहजासहजी आढळत नाही.

नकारापुढे होकार येतो : प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा. थेस्सलनीका येथील मंडळीशी आपण कसे वागलो हे सांगताना पौलाने बापाच्या बोध करण्याचा, धीर देण्याचा दाखला दिला, पण त्याच अध्यायात स्वतःला लेकरांना जपणाऱ्या आईसारखेही म्हटले. मंडळीचा अध्यक्ष निवडताना त्याने घर नीट चालवले आहे का ते पाहावे, असे १ तीमथ्य ३ सांगते.

मतभेद

पती हा पत्नीचे मस्तक आहे, या इफिसकरांस पत्रातील विधानावरून चर्चमध्ये आजही वाद आहे. काहींच्या मते घराचे अंतिम नेतृत्व पुरुषाकडेच आहे. काहींच्या मते त्याच्या आधीचे ‘एकमेकांच्या अधीन असा’ हे वाक्य निर्णायक असून नेतृत्व दोघांनी वाटून घ्यायचे आहे. अमेरिकेत १९८७ च्या सुमारास या दोन्ही मतांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. मात्र पतीपुढे ठेवलेले माप मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाऱ्या ख्रिस्ताचे आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्या मापाने पाहता घरात दहशत माजवणाऱ्या पुरुषाला या वचनाचा आधार घेता येत नाही, आणि असा आधार घेणाऱ्याला पाठीशी घालणारी मंडळी पौलाचे अर्धेच वाक्य वाचते.

दुसरा वाद छडीचा. नीतिसूत्रांतील छडीविषयीची वचने (१३:२४, २३:१३-१४) शब्दशः घेणारे पालक आहेत. इतरांच्या मते छडी हे शिस्तीचे प्रतीक आहे. स्तोत्र २३ मधील मेंढपाळाची काठी तर धीर देणारी आहे. नीतिसूत्रे अनुभवाचे बोल सांगतात, कायदा करत नाहीत, आणि त्यांचे वाचन चिरडीस न आणण्याच्या आज्ञेच्या प्रकाशात व्हायला हवे, ही भूमिका अधिक सुसंगत वाटते. स्वीडनने १९७९ मध्ये पालकांनी मुलांना मारण्यावर जगात प्रथम कायद्याने बंदी घातली. त्यानंतर अनेक देशांतील चर्चना या वचनांचा नव्याने विचार करावा लागला.

घर हीच लहान मंडळी

चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम याने बापांना दिलेला सल्ला आजही ताजा वाटतो. संध्याकाळच्या जेवणावेळी मुलाला काइन आणि हाबेल यांची गोष्ट सांगा, पुढे ती त्याच्याकडून वदवून घ्या, म्हणजे चर्चमध्ये तीच गोष्ट ऐकताना त्याला आनंद होईल. भयंकर कथा मूल मोठे झाल्यावर सांगा. सतत मारू नका, नाहीतर तो माराला जुमानेनासा होईल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून. बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाला लोक हसले तरी देव देवदूतांसह आनंदाने स्मित करतो, असे त्याने १५२२ मध्येच लिहिले होते. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेचे नियम केले. वारंवार समज देऊनही ती टाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची त्यात तरतूद होती. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरगुती चर्च म्हटले आणि आईवडील दोघांनाही मुलांचे पहिले सुवार्तिक मानले.

बाप नसलेली घरे

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता, एवढेच बायबल सांगते. त्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून आला. पौलाने त्याला आपला पुत्र म्हटले. अनाथ एस्तेरला चुलतभाऊ मर्दखय याने वाढवले. देव पोरक्यांचा पिता आहे (स्तोत्र ६८:५) या विश्वासातून अनाथांचा सांभाळ हे ख्रिस्ती मंडळ्यांचे जुने काम राहिले आहे. जॉर्ज म्यूलर याने १८३६ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथगृह सुरू केले. त्याच्या हयातीत सुमारे दहा हजार मुलांचा तेथे सांभाळ झाला. जूनच्या तिसऱ्या रविवारी पाळला जाणारा पितृदिनही अशाच एका घरातून आला. अमेरिकेतील स्पोकेन येथे सोनोरा स्मार्ट डॉड हिने १९०९ मध्ये चर्चमध्ये मातृदिनाचे प्रवचन ऐकले आणि पत्नीच्या मृत्यूनंतर मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या आपल्या वडिलांसाठीही असा दिवस असावा असा आग्रह धरला. तेथे तो १९ जून १९१० रोजी प्रथम पाळला गेला आणि १९७२ मध्ये त्याला अमेरिकेत राष्ट्रीय मान्यता मिळाली.