ब्लॉक आणि डेडआय : तीन मापांचा घोळ

मॉडेल जहाजासाठी ब्लॉक, म्हणजे दोर ओढायच्या छोट्या कप्प्या, विकत घेताना पाकिटावर एकच आकडा असतो : ३ मिमी, ४ मिमी, ५ मिमी. तो ब्लॉकच्या लांबीचा. डेडआयच्या, म्हणजे डोलकाठीचे दोर ताणून धरणाऱ्या तीन भोकांच्या लाकडी चकतीच्या, पाकिटावरचा आकडा व्यासाचा, आणि दोऱ्याच्या रिळावरचाही व्यासाचाच. इथपर्यंत सगळे सरळ आहे. जुन्या जहाजाच्या दोर-ब्लॉकच्या मापांचा तक्ता समोर घेऊन बसले की घोळ सुरू होतो. त्या तक्त्यातही ब्लॉक लांबीने मोजलेला असतो आणि डेडआय व्यासाने, पण दोर मात्र परिघाने. तिन्ही आकडे इंचांत, एकाच पानावर, आणि कुठला आकडा कशाचा हे लिहिण्याची त्या काळी कुणाला गरज वाटलेली नाही. गोदीत काम करणाऱ्याला ते ठाऊकच असे.

परिघ धरण्यामागे कारण साधे होते. वळलेला दोर दाबला की चपटा होतो, त्याची जाडी फूटपट्टीने मोजायला गेले तर दरवेळी वेगळी येते. भोवती पट्टी गुंडाळली की माप पक्के मिळते. त्यामुळे ‘तीन इंची दोर’ म्हणजे ज्याचा घेर ३ इंच आहे असा दोर, व्यास जेमतेम ०.९५ इंच. १:६४ च्या, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या, मॉडेलवर त्याची जाडी ०.३८ मिमी येते. हाच आकडा कुणी व्यास समजून वापरला तर दोर १.१९ मिमीचा होतो, म्हणजे तिपटीहून जाड. माझ्या पहिल्या जहाजावर मी नेमके हेच केले होते. शिडांचे दोर असे दिसत होते की त्यांनी अख्खे जहाज धक्क्याला बांधून ठेवता आले असते. दोर जाड, म्हणून तो ओवता यावा यासाठी ब्लॉकही मोठे घेतले. एक चूक निस्तरताना दुसरी पदरात पडली.

ब्लॉकचे माप दोरावरून कसे काढत, हे १७९४ मध्ये लंडनला छापलेल्या डोलकाठ्या-शिडांच्या एका मोठ्या ग्रंथात स्वच्छ दिले आहे. ब्लॉकमधल्या चाकाची जाडी दोराच्या व्यासाहून एक दशांशाने जास्त. चाक बसते ती खाच चाकाहून एक षोडशांशाने रुंद. ब्लॉकची लांबी खाचेच्या आठपट, रुंदी चाकाच्या जाडीच्या सहापट. तीन इंची दोराला हा हिशेब लावला की चाक १.०५ इंच जाड, खाच १.१२ इंच आणि ब्लॉक जवळपास ९ इंच लांब, सव्वासहा इंच रुंद येतो. थोडक्यात, ब्लॉकची लांबी दोराच्या परिघाच्या तिप्पट. कागद-पेन्सिल नसताना एवढे लक्षात ठेवले तरी भागते. डेडआयसाठी आडाखा वेगळा : ज्या दोराला तो बांधायचा त्याच्या परिघाच्या साधारण दीडपट व्यास.

आता हा ९ इंची ब्लॉक १:६४ मध्ये आणला की ३.५७ मिमी होतो. आणि इथे किट बनवणाऱ्यांचा तो निर्णय आडवा येतो, ज्यावर अजून वाद थांबलेला नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इटली आणि स्पेनमधून लाकडी किट मोठ्या प्रमाणात बाहेर पडू लागली, तेव्हा ब्लॉक पूर्ण मिलिमीटरच्या पायऱ्यांवर ठरवले गेले : २, ३, ४, ५ आणि पुढे. एकच साचा वेगवेगळ्या स्केलच्या जहाजांना चालावा, हा हिशेब. बाजू घेणारे म्हणतात, अर्ध्या मिलिमीटरने कुणाला काय कळणार? आकड्यांत पाहिले तर १:६४ वर ३ मिमीचा ब्लॉक म्हणजे साडेसात इंच, ४ मिमीचा म्हणजे दहा इंच. मधला नऊ इंची, जो जहाजावर जागोजागी लागतो, तो पाकिटात नाहीच. उत्पादकाची अडचण मला समजते. पण ती अडचण ‘स्केलला अचूक’ असे छापून विकली गेली, हे पटत नाही. दोहोंतला एक घ्यायचाच असेल तर लहान घ्यावा. डोळा लहान ब्लॉक सहज माफ करतो, मोठा मात्र लांबूनही खटकतो.

लांबीपेक्षा मोठी गफलत आकारात झाली. जुन्या हिशेबाने लांबी-रुंदीचे प्रमाण दहास सात येते. किटमधले बरेच ब्लॉक जवळजवळ चौकोनी निघत, कारण लांब पट्टीला कडेने (ब्लॉक टांगायच्या दोराच्या फासासाठी) खाच पाडायची, भोके पाडायची आणि करवतीने तुकडे करायचे, एवढीच प्रक्रिया. भोक बहुतेकदा मधोमध. खऱ्या कप्पीत दोर मधून जात नाही, चाकावरून जातो. वरून टांगलेल्या कप्पीत तो चाकाच्या वरच्या अंगाने वळून दोन्हीकडे खाली येतो. म्हणून मॉडेलच्या ब्लॉकमध्ये भोक फास बांधलेल्या टोकाकडे सरकलेले हवे. मधोमध भोक असले की तो ब्लॉक राहत नाही, दोऱ्यात ओवलेला मणी होतो. पाकीट पारदर्शक असेल तर मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

मापे सारखी होण्यामागे इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीचा मोठा वाटा आहे. तोवर ब्लॉक बाहेरच्या कंत्राटदारांकडून येत आणि त्यात हातकाम बरेच असे. एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे एक हजार ब्लॉक लागत. १८०२ ते १८०६ या काळात फ्रान्समधून आलेल्या एका अभियंत्याच्या आराखड्यांवरून तिथे यंत्रांची रांग उभी राहिली आणि १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० ब्लॉक निघू लागले. बाहेरचे लाकूड एल्मचे, चाक लिग्नम व्हिटी या अतिशय जड आणि मुळातच तेलकट लाकडाचे. मॉडेलवाल्याला यातून एवढे घ्यायचे की त्यानंतरच्या ब्रिटिश युद्धनौकेवर एका मापाचे सगळे ब्लॉक तंतोतंत सारखे दिसायला हवेत. त्याआधीच्या जहाजावर थोडा उन्नीस-बीस फरक शोभतो.

त्याच्याही मागे गेले तर प्रश्न आकाराचा उरतो. १६२८ मध्ये बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे ‘वासा’ पाहिले तर डेडआय गोल नाहीत, थेंबासारखे लांबट आहेत. गोल चकती रुळली ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तरीही त्या शतकाच्या सुरुवातीच्या जहाजांच्या किटमध्ये गोल डेडआय सर्रास मिळतात. दुसऱ्या टोकाला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्लॉकला बाहेरून दोराचा फास न घालता लोखंडी पट्टी आत बसवू लागले, तारेचे दोर आले आणि शतक संपता संपता डेडआयची जागा आट्यांच्या स्क्रूने घेतली. त्या काळच्या क्लिपर, म्हणजे वेगवान मालवाहू शिडाच्या जहाजाच्या मॉडेलवर बाहेरून खाच असलेले ब्लॉक लावणे म्हणजे पणजोबांचे जोडे नातवाला घालणे.

धातूचे ब्लॉकही एके काळी जोरात होते. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी किटमध्ये शिसेमिश्रित ओतीव ब्लॉक आणि डेडआय येत. आकार रेखीव, खाचा सुबक, लाकडाच्या तुकड्यांपेक्षा दिसायला कितीतरी सरस. पण ओकच्या बंद पेटीत ठेवलेले असे मॉडेल काही वर्षांनी उघडले की ब्लॉकवर पांढरी भुकटी जमलेली दिसते. ओकमधून सुटणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. रंगाचा थर फुगतो, मग भोकाची कड ढासळते, आणि शेवटी ताणलेला दोर ब्लॉकमधून कापत बाहेर येतो. जुने किट स्वस्तात मिळाले तर त्यातले शिशाचे तुकडे बाजूला काढलेलेच बरे.

त्यानंतरची सद्दी अक्रोडाची. रंग गडद, दिसायला श्रीमंत. पण त्याचे तंतू मोकळे असतात, ०.५ मिमीचे भोक पाडले की आत कुसे राहते आणि लहान डेडआय भोकांच्या रेषेत उभा चिरतो. दहा डेडआयमागे दोन-तीन फेकावे लागतात हे गृहीत धरूनच पाकीट घ्यावे. हौशी लोकांनी यावर एक उपाय काढला, तो आजही चालतो : छोट्या डब्याला आतून पॉलिश पेपर चिकटवायचा, मध्ये फिरत्या हत्याराला लावलेली काडी, आणि ब्लॉक त्यात घालून घुसळायचे. काही मिनिटांत चौकोनी कडा गोलावतात. अक्रोड यात जरा लवकरच झिजतो. बॉक्सवुड आणि नाशपातीचे लाकूड आकार धरून ठेवतात.

बॉक्सवुडचा आग्रह नवा नाही. अठराव्या शतकात जहाजगोदीत केलेली बरीच मॉडेले बॉक्सवुड आणि नाशपातीची आहेत, आणि त्यांतली कित्येक आजही धड आहेत. तंतू इतके घट्ट की सुईएवढ्या भोकाची कडही तासल्यासारखी स्वच्छ येते. युरोपातली बॉक्सची झाडे आता बुरशी आणि अळी या दोन रोगराईंनी बेजार झाली आहेत, आणि बाजारात ‘बॉक्सवुड’ म्हणून मिळते ते बरेचदा दक्षिण अमेरिकेतले कास्तेलो असते. ती जात वेगळी, पण या कामाला चांगली आहे. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. लिग्नम व्हिटीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि मॉडेलमध्ये एवढ्या लहान मापाला त्याचा काही उपयोगही नाही.

लेझर कटिंग आल्यावर तीन थर कापून चिकटवलेले ब्लॉक मिळू लागले, मधल्या थरात खरीखुरी खाच असलेले. कडा काळ्या पडतात. त्या घासायला गेले की मापातून दहावा हिस्सा जातो, म्हणजे ४ मिमीचा ब्लॉक ३.६ मिमीचा होतो. गंमत अशी की १:६४ च्या नऊ इंची ब्लॉकसाठी तेच हवे असते. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेले ब्लॉक त्याहून सरस : कडा गोल, फासाची खाच टोकाकडे खोल आणि मध्ये उथळ, भोक योग्य जागी, आणि अखेर ३.५ मिमीसारखी मधली मापे. किंमत अक्रोडाच्या पाकिटाच्या कितीतरी पट. संपूर्ण जहाजाला परवडत नसतील तर डेकवरचे, नजरेच्या उंचीचे तेवढे हे घ्यावेत आणि उंच डोलकाठीवर घुसळलेले अक्रोडाचे चालवून घ्यावेत.

रेझिनचे थ्री-डी छपाईचे ब्लॉक हल्ली दिसतात. त्यांत चाकसुद्धा दिसते, अगदी २ मिमीतही. पण दोर ओढून गाठ मारताना पातळ कड कडकन तुटते, आणि लाकडाचा रंग काही त्यावर चढत नाही.