डाग इथे, गळती तिथे

सांगलीच्या गावभागात भिंतीला ओल दिसली की ‘महापुराची ओल आहे’ असं म्हणून विषय मिटतो. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये तिथली घरं पाण्यात होती हे खरं. पण नऊ इंची विटेची भिंत ऊनवारा मिळाल्यावर इतकी वर्षं ओली राहत नाही. भर एप्रिलमध्ये डाग हाताला गार लागत असेल, तर त्याला आजही पाणी मिळतंय.

मग डागापाशी फरशी फोडली जाते आणि खाली पाइप कोरडाठाक निघतो. याचं कारण केशाकर्षण. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी वीट पाणी ओढते. विटेत आणि प्लास्टरमध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. नळीच्या भिंतीला पाणी चिकटतं, आणि पृष्ठताण त्या काठाला धरून पाण्याचा स्तंभ वर खेचतो. नळी निम्मी बारीक केली की ओढणारा काठ निम्मा होतो, पण उचलायचं वजन चौथाईवर येतं. म्हणून उंची दुप्पट होते. हिशेब सोपा आहे: त्रिज्या मिलिमीटरमध्ये घेऊन 15ला तिने भागलं की चढण्याची उंची मिलिमीटरमध्ये मिळते. त्रिज्या 1 मिमी असेल तर पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं, 0.01 मिमी असेल तर दीड मीटर!

प्रत्यक्षात भिंत इतकी वर भिजत नाही, कारण वाटेत बाष्पीभवन होतं. जितकं पाणी वर येतं तितकंच उडून जातं, तिथे ओल थांबते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना प्लास्टरचे पोपडे काढतात. लोणा म्हणतात तो हाच. म्हणजे लोण्याची रेघ ही पाणी संपण्याची जागा. ते सुरू कुठे झालं, हे ती सांगत नाही.

म्हणूनच ‘दहा वर्षं ओल येणार नाही’ अशा जाहिरातीचा वॉटरप्रूफ रंग आतून लावणं घातक आहे. बाष्पीभवनाची वाट बंद झाली की पाणी तोल साधायला आणखी वर चढतं. कमरेइतकी ओल खांद्यापर्यंत जाते, गळती तशीच राहते.

पुरलेल्या पाइपची गळती शोधायला पाणाड्याला बोलावणंही व्यर्थ. जर्मनीत कासेल इथे 1990मध्ये हीच परीक्षा झाली: अर्धा मीटर खोल पुरलेल्या पाइपमधून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. उत्तरं नाणं उडवून मिळावीत तशीच निघाली.

खरी साक्ष गच्चीवरची टाकी देते. पातळी पाइपच्या पाच मीटर वर असेल, तर 1 मिमीच्या छिद्रातून तासाला साधारण 17 लिटर, दिवसाला 400 लिटर पाणी जातं. झोपण्यापूर्वी मोटर आणि सगळे नळ बंद करा. टाकीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या टेपने मोजा आणि आठ तासांनी पुन्हा मोजा. गोल टाकीला दोरा गुंडाळून परीघ मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करून 12.57ने भागा, येईल ते क्षेत्रफळ. परीघ 3.4 मीटर असेल तर पातळीचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 9 लिटर. वर सांगितलेलं 1 मिमीचं छिद्र असेल तर सकाळी पातळी पंधरा सेंटिमीटर खाली दिसेल.

दुसऱ्या रात्री फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक बंद करून तेच करा. घट थांबली तर दोष तिथला वॉशर. तिसऱ्या रात्री टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह बंद करा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. जुन्या व्हॉल्व्हचं हे नेहमीचं आहे, म्हणून नळ उघडून धार खरंच थांबते का ते आधी बघा. उरलेली गळती बाथरूमनिहाय व्हॉल्व्ह बंद करत शोधता येते. महापालिकेचं पाणी सुटल्यावरच ओल वाढत असेल, तर बिघाड हौदापर्यंतच्या लाइनमध्ये. सांगलीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पुरलेल्या पाइपचे जोड त्यात हलतात.

टाकी जराही उतरत नाही, तरी ओल आहे? मग सांडपाणी तपासा. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे मोरीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड कापड आणि पिशवीने घट्ट बंद करून मोरीत दोन सेंटिमीटर पाणी चार तास साठवा. खालची ओल वाढली तर फरशीचे सांधे गेलेत. नाही वाढली, तर बोळा काढून पाच-सहा बादल्या ओता. आता वाढली तर ट्रॅप किंवा खालचा पाइप.

सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप बहुधा नळाच्या पॉइंटला फुटतो. ब्रासचा एल्बो जोर लावून आवळला की प्लास्टिकला केसभर तडा जातो. ओल्या पाइपवर पुटी थापू नका, ती दाब धरत नाही. तेवढा तुकडा कापून, टोकं पूर्ण कोरडी करून कपलर (दोन टोकं जोडणारा तुकडा) आणि सॉल्व्हेंटने (पाइप चिकटवायच्या द्रावणाने) नवा जोडा आणि सुकायला एक दिवस द्या. भिंत बुजवण्याआधी टाकीची चाचणी पुन्हा घ्या. लोण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंतचं जुनं प्लास्टर मात्र काढून टाका. त्यातले क्षार दमट हवेतून पाणी ओढतात. ते राहिले, तर गळती बंद होऊनही जुलैत डाग पुन्हा उमटेल.