क्लाउडवर जाण्याआधीची मोजदाद: पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

एखाद्या कंपनीचं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर, जायचं ठरलं की पहिले दोन-तीन महिने काहीच हलत नाही. सर्व्हर होते तिथेच असतात आणि बाहेरून आलेली माणसं नुसते प्रश्न विचारत फिरतात. हा सर्व्हर कशासाठी आहे, याच्यावर कोणतं ॲप्लिकेशन चालतं, त्याचा डेटाबेस कुठे आहे, लायसन्स कुणाच्या नावावर आहे, रात्रीचा बॅकअप परत लावून शेवटचा कधी पाहिला? संचालक मंडळाला यात वेळ जातोय असं वाटतं. या कामाला सगळे असेसमेंट म्हणतात, मी मोजदाद म्हणतो. तिला एवढं वजन का आलं हे समजून घ्यायचं तर क्लाउडच्या बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात मुंबईतूनच करता येते. १९७४ साली फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने परदेशासाठी सॉफ्टवेअरचं पहिलं काम केलं आणि ते काम स्थलांतराचंच होतं. अमेरिकेतल्या बरोज कंपनीच्या मध्यम आकाराच्या संगणकांसाठी कोबॉलमध्ये लिहिलेली एक रुग्णालय प्रणाली त्याच कंपनीच्या लहान संगणकांवर न्यायची होती. भाषा कोबॉलच, कंपनीही एकच, तरी प्रोग्रॅम जसाच्या तसा चालत नव्हता. त्यात मुंबईत हाताशी संगणक होता तो तिसऱ्याच कंपनीचा, आयसीएल १९०३. म्हणजे चालवून बघू, अडलं की दुरुस्त करू, ही सोयच नव्हती. दोन्ही कोबॉलमध्ये कुठे काय वेगळं आहे ते आधी वाचून काढायचं आणि मगच हात लावायचा. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीचा आरंभ जुनी यंत्रणा समजून घेण्यापासून झाला, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

त्यानंतरची दोन दशकं यंत्रणा वाढत गेल्या आणि त्यांच्या नोंदी मागे पडत गेल्या. हिशेब चुकता करायची वेळ आली ती वायटूकेमुळे, म्हणजे २००० सालच्या तारखांच्या घोळामुळे. जागा वाचावी म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत. ८० रकान्यांच्या पंचकार्डाच्या काळात दोन रकाने वाचणं ही मोठी बचत होती. पण २००० साल आलं की ‘००’ म्हणजे १९०० असं समजून व्याज, वय, मुदत सगळंच चुकणार होतं. दुरुस्ती तशी अवघड नव्हती. अवघड होतं ते दुरुस्ती कुठे कुठे करायची हे शोधणं. रोज चालणाऱ्या प्रोग्रॅमचा मूळ कोडच सापडत नाही, लिहिणारा माणूस निवृत्त झालेला, एकाच नावाच्या तीन प्रती आणि त्यातली खरी कोणती हे कुणालाच ठाऊक नाही, असे प्रकार ठिकठिकाणी निघाले.

अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने १९९७ साली खात्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात कामाचे पाच टप्पे होते: जाणीव, असेसमेंट, दुरुस्ती, पडताळणी आणि अंमलबजावणी. कोडला हात लावायच्या आधीचे दोन टप्पे निव्वळ समजून घेण्याचे. काय काय आहे याची जंत्री करा, कशावाचून कामकाज थांबेल ते ठरवा, कोण कुणाला डेटा देतं ते लिहून काढा. आजची कोणतीही क्लाउड असेसमेंटची फाइल उघडा, रकाने बहुतेक हेच दिसतील. माझ्या मते या कामाचा खरा जन्म वायटूकेतला आहे. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीमध्ये, जुने प्रोग्रॅम वाचून त्यांची रचना उलगडणारी टूल्स त्याच काळात घडली आणि पुण्या-मुंबईच्या हजारो तरुणांनी अनोळखी कंपन्यांचा कोड ओळीओळीने वाचून काढला. हळहळ एकाच गोष्टीची वाटते. १ जानेवारी २००० सुखरूप पार पडला आणि एवढ्या कष्टाने केलेल्या जंत्र्या कपाटात गेल्या. पुढे त्या अद्ययावत ठेवायचं बहुतेक ठिकाणी राहूनच गेलं.

पुढचं वळण व्हर्च्युअलायझेशनचं. तोवर एका सर्व्हरवर एकच ॲप्लिकेशन ठेवायची पद्धत रुळली होती, कारण दोन ठेवली की एकाच्या पॅचमुळे, म्हणजे छोट्या दुरुस्तीमुळे, दुसरं बंद पडायचं. त्यामुळे सर्व्हर रूम भरल्या आणि आतले प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामे बसून राहिले. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं मांडून दाखवली. मग प्रश्न आला, कोणते सर्व्हर एकत्र मावतील? त्यासाठी नेटवर्कवरून प्रत्येक सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचा वापर काही आठवडे नोंदवणारी टूल्स आली. तोवर मोजदाद म्हणजे माणसांना विचारणं होतं, आता यंत्रालाच विचारता येऊ लागलं. सोय मोठी झाली. पण सर्व्हर किती राबतो ते या आकड्यांत दिसतं, कशासाठी राबतो ते दिसत नाही.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एसथ्री ही साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये ईसीटू ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा खुली केली, तेव्हा मोजदादीचा अर्थच बदलला. स्वतःचा सर्व्हर गरजेपेक्षा मोठा घेतला तर पैसे एकदाच जास्त जातात. क्लाउडवर तीच चूक दर तासाला बिलात येते. म्हणून ३२ जीबी मेमरीचा सर्व्हर आहे तर तिकडेही ३२ जीबीच घ्या, हे चालेना. प्रत्यक्षात लागते किती, हे आधी कळायला हवं होतं.

सगळ्यांच्या नजरेत भरलेलं उदाहरण नेटफ्लिक्सचं. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी ॲमेझॉनच्या क्लाउडवर जायचं ठरवलं. आहे तसं उचलून तिकडे ठेवायचं नाही, जवळजवळ सगळं नव्याने बांधायचं, हा निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतला. शेवटचं काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ लागला. शेवटी हललेल्या भागांत बिलिंग होतं. पैशाचा हिशेब आणि ग्राहकांची माहिती सर्वांत शेवटी न्यायची, हा क्रम मी कित्येक आराखड्यांत पाहिला आहे आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी वेगळा मार्ग, या कल्पनेला गार्टनर या सल्लागार कंपनीने ‘पाच आर’चं, म्हणजे इंग्रजी आर अक्षराने सुरू होणाऱ्या पाच मार्गांचं, रूप दिलं. २०१६ साली ॲमेझॉनच्या स्टीफन ऑर्बन यांनी त्यांचे सहा केले, नंतर सात झाले. आहे तसं हलवा, थोडं बदलून हलवा, नव्याने बांधा, तयार सेवा घ्या वगैरे. त्यातले दोन मला फार कामाचे वाटतात: बंद करा आणि जागेवरच ठेवा. मोजदाद प्रामाणिक असेल तर काही सर्व्हरपुढे ‘बंद करा’ असं लिहावंच लागतं. आणि ‘जागेवरच ठेवा’ म्हणजे हार नव्हे. ३७सिग्नल्स या कंपनीने तर २०२२ साली क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परतायचं जाहीर केलं, कारण त्यांच्या ठरावीक भारासाठी भाडं परवडत नव्हतं.

आपल्याकडे केंद्र सरकारचं ‘मेघराज’ हे क्लाउडचं धोरण २०१३ चं. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू झाली. ॲमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरचा समूह, जून २०१६ मध्ये आलं आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक क्लाउडचं स्वतःचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच साठवायचा आदेश दिला आणि मोजदादीच्या तक्त्यात ‘डेटा नेमका कुठे राहतो’ हा रकाना सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्याच आयटी आउटसोर्सिंगच्या, म्हणजे संगणकाची कामं बाहेर देण्याबद्दलच्या, निर्देशांनी आणखी एक भर घातली: क्लाउडमधून बाहेर पडायची वेळ आली तर कसं पडणार, तेही आधीच ठरवून ठेवायचं.

तयारी कच्ची राहिली तर काय होतं, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये भोगलं. ते स्थलांतर नेहमीच्या अर्थाने क्लाउडचं नव्हतं. लॉइड्स बँकेच्या यंत्रणेवरून, तेव्हा टीएसबीची मालक असलेल्या सबादेल बँकेच्या यंत्रणेवर ५० लाखांहून अधिक ग्राहक एकाच शनिवार-रविवारी हलवले गेले. सोमवारी लाखो लोकांना स्वतःचं खातंच उघडेना. पुढे स्वतंत्र चौकशीत निघालं की नव्या यंत्रणेची दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांतल्या एकावरच झाली होती. दुसरं पहिल्यासारखंच असेल असं धरून चालले आणि ते तसं नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये स्वतःची शोधमोजणीची टूल्स आणली. आता कोणता सर्व्हर कोणत्या सर्व्हरशी कोणत्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या कोणत्या क्रमांकावर, बोलतो याचा नकाशा आपोआप निघतो. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर मायग्रेटमध्ये एक दिवस, एक आठवडा किंवा एक महिना असा नोंदींचा काळ निवडता येतो. त्यातली मोजकी सर्वोच्च टोकं सोडून, ९५व्या शतमानाच्या, म्हणजे शंभरातल्या ९५ नोंदी ज्याच्या आत बसतात त्या आकड्याच्या, आधाराने, नव्या यंत्राचा आकार सुचवला जातो.

काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेत आम्ही महिनाभराच्या नोंदी घेतल्या होत्या. रॅकच्या तळाशी एक जुना सर्व्हर होता. महिन्याभरात त्याच्याकडे कुणीही फिरकलं नव्हतं, नकाशात एक रेघ नाही, प्रोसेसर जवळपास शून्यावर. मी त्याच्यापुढे ‘बंद करा’ लिहिलं. यादी वाचून दाखवताना लेखा विभागातल्या बाईंनी हात वर केला. “अहो, हा नका काढू. वार्षिक सभा झाली की सभासदांच्या लाभांशाच्या याद्या यातूनच निघतात.” त्यात सभासदांच्या भागभांडवलाचं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधलं रजिस्टर होतं. वर्षातून एकदा, सप्टेंबरमधल्या सभेनंतरचे चार दिवस तो सर्व्हर लागायचा. आम्ही मोजत होतो तो फेब्रुवारी होता.

त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात ‘वर्षातून कधी लागतो?’ असा एक रकाना आहे. तो मी टूलमधून भरत नाही, टेबलाटेबलाशी जाऊन विचारून भरतो. बँकेचा तो सर्व्हर सप्टेंबरपर्यंत जागेवरच राहिला. सभा झाली, लाभांशाच्या याद्या निघाल्या, बाईंनी त्या जुन्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या आणि मगच आम्ही तो डेटा नव्या जागी हलवला.